चढणीचे भाट

मराठी भाषेने या प्रकरणी आधीच पक्ष घेऊन ठेवला आहे. कमान असते ती चढती, कळा लागते ती उतरती. वय उताराला लागते, धंदा उतरणीला लागतो, चेहरा उतरतो, माणूस मनातून उतरतो. ताप उतरतो आणि दृष्ट उतरवतात, एवढेच काय ते उताराच्या बाजूने बोलणारे साक्षीदार. ज्या भाषेत खाली येणे म्हणजे बहुधा काहीतरी गमावणे असते, त्या भाषेतल्या यात्रावर्णनांनी डोंगराची एकच बाजू पाहावी यात नवल नाही. नवल वाटते ते आपल्या समीक्षेचे. प्रवासवर्णनातल्या निसर्गचित्रणावर, आत्मशोधावर आणि 'स्व'च्या विसर्जनावर ती शोधनिबंध प्रसवते. पण जो लेखक डोंगरावर गेला तो खाली कसा आला, हा साधा प्रश्न तिने कधी विचारल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

गेल्या काही दशकांत मराठीत पायी यात्रांच्या पुस्तकांचे चांगलेच पीक आले आहे. नर्मदा परिक्रमा आहे, कैलास-मानसरोवर आहे. अलीकडे स्पेनमधल्या सान्तियागोच्या वाटेवरही आपली माणसे चालून येतात आणि लिहितात. यांतले जे आम्ही वाचले त्यात चढाला पाने मिळतात. धाप लागते, छातीचा भाता होतो, पाय शिशाचे होतात, 'आता परत फिरावे' असे वाटते आणि नेमक्या त्याच क्षणी कोणी अनोळखी माणूस पाणी देतो. मग खिंड येते, वारा येतो, डोळ्यांत पाणी येते. आणि नंतर एक वाक्य येते: मग आम्ही खाली उतरलो. चार शब्दांचे हे वाक्य. गुडघे, घोटे, पायाच्या अंगठ्याची काळीनिळी नखे, सरकलेला दगड, हातातून सुटलेली काठी हे सारे या चार शब्दांखाली गाडलेले असते. आमची तक्रार या चार शब्दांशी आहे.

हा दोष केवळ मराठीचा मात्र नाही. सान्तियागोच्या वाटेचे उदाहरण घेऊ, कारण तिच्याविषयी लिहिले जाऊ लागून आठ-नऊ शतके झाली आहेत आणि रोगाचे मूळ तिथे स्वच्छ दिसते. 'कोडेक्स कालिक्स्तिनुस' या १२व्या शतकातल्या हस्तलिखिताचा पाचवा भाग म्हणजे यात्रेकरूंसाठी लिहिलेली वाटपुस्तिका. पिरेनीज पर्वत ओलांडणाऱ्या सीझच्या खिंडीविषयी तीत माहिती आहे: चढ आठ मैलांचा, उतारही आठ मैलांचा. अंतरे अशी समसमान देऊन झाल्यावर लेखक चढणाऱ्याला थेट आकाशापर्यंत नेतो. डोंगर इतका उंच, की वर पोहोचलेल्याला आपण हाताने आकाशाला स्पर्श करू शकू असे वाटते, असे तो सांगतो. म्हणजे चढणाऱ्याच्या वाट्याला आकाश आले आणि उतरणाऱ्याच्या वाट्याला आकडा. पुढचे सगळे यात्रावाङ्मय या वाटणीपत्राला धरून चालत आलेले आहे.

पेत्रार्कही त्यातून सुटत नाही. १३३६ साली तो व्हाँतू पर्वतावर गेला. त्या चढाईचे वर्णन करणारे त्याचे पत्र युरोपीय प्रबोधनाचा आरंभबिंदू म्हणून आजही वर्गावर्गांत शिकवले जाते. वर जाऊन तो ऑगस्टीनचे 'कन्फेशन्स' उघडतो, अंतर्मुख होतो, आणि त्याच्याच सांगण्यानुसार पायथा येईपर्यंत तोंडातून एक अक्षर काढत नाही. उतरताना तो पुन्हा पुन्हा मागे वळून शिखराकडे पाहतो. अंधार पडलेला असतो, चांदणे असते. दगडधोंड्यांच्या डोंगरावरून रात्री, चांदण्याच्या भरवशावर, मागे वळून पाहत उतरणारा हा कवी पायाखाली काय होते ते आपल्याला सांगत नाही. बरोबर त्याचा धाकटा भाऊ होता. भावाने पत्र लिहिले असते तर कदाचित कळले असते. व्हर्जिलची सिबिल तर याहून धीट: पाताळात उतरणे सोपे, परत वर येणे हेच खरे कष्टाचे, असे ती ईनियासला बजावते. पाताळाचे ठाऊक नाही. पण ही बाई कधी ओल्या पाटीच्या दगडावरून उतरलेली नसावी.

आपल्या काळातले उदाहरण हवे तर पाउलो कोएल्योचे घ्या. सान्तियागोच्या वाटेवरचे त्याचे १९८७चे पुस्तक जगभर वाचले गेले आणि त्याने असंख्य माणसांना वाटेला लावले. त्याच्या शोधाची सांगता होते ती ओ सेब्रेइरोच्या डोंगरावर, म्हणजे गॅलिशियात शिरतानाच्या मोठ्या चढाच्या माथ्यावर. तलवार तिथे मिळते आणि पुढे तो सान्तियागोला जातो बसने. चालणारे पुढे आल्तो दो पोइओच्या १,३३५ मीटर उंचीवरून १२-१३ किलोमीटरांत जवळजवळ पावणेसातशे मीटर खाली, त्रियाकास्तेलाला उतरतात. ज्या पुस्तकाने लोकांना चालायला शिकवले असे म्हणतात, त्या पुस्तकाने हा उतार बसच्या खिडकीतून पाहिलेला आहे. आम्ही त्याला दोष देत नाही. कथानक माथ्यावर संपले होते, आणि कथानक संपल्यावर चालणे ही हौस उरते. पण हेच तर आमचे म्हणणे आहे. चढाला कथानक आयते मिळते: ध्येय दिसत असते, अडथळे असतात, उत्कर्षबिंदू भूगोलानेच आखून दिलेला असतो. उतरणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. तिथे लेखकाला स्वतः काम करावे लागते, आणि तिथेच तो चार शब्दांत सुटका करून घेतो.

आता प्रत्यक्ष एक उतार पाहू. त्याच वाटेवर, लेओनच्या डोंगरांत, सुमारे दीड हजार मीटर उंचीवर क्रुस दे फेर्रो आहे. उंच लाकडी खांबाच्या टोकावर बसवलेला लहानसा लोखंडी क्रूस, आणि पायथ्याशी यात्रेकरूंनी घरून आणलेल्या दगडांची रास. आपले ओझे म्हणून आणलेला दगड इथे टाकायचा, अशी रीत. ही जागा लेखकांना फार मानवते. आईवडिलांच्या आठवणी, न केलेल्या क्षमा, सगळे या राशीवर रिते होते. दगड टाकून माणूस हलका होतो, आणि त्यानंतरच्या सतरा-अठरा किलोमीटरांत नऊशे मीटर उतरून मोलिनासेकाला पोहोचतो. सरासरी काढली तर हा उतार कोणालाही भीतिदायक वाटणार नाही. पण पाय सरासरीवर पडत नाहीत. खरी घसरण एल असेबो गावाच्या आधी आणि पुढे रिएगो दे आम्ब्रोसच्या खाली एकवटलेली आहे. तिथे वाट म्हणजे पाटीच्या दगडाचे उघडे पडलेले थर, तिरके, कडा वर आलेले. मध्ये सुटे गोटे. पाऊस झाला की हे सारे तेल ओतल्यासारखे होते. सीमेपासून निघालेला यात्रेकरू इथवर येतो तो साधारण तीन-साडेतीन आठवडे चाललेल्या पायांनी. एल असेबोतून बाहेर पडताना एका जर्मन यात्रेकरूचे स्मारक लागते. १९८७ साली सायकलवरून यात्रा करताना त्याचा मृत्यू झाला. स्मारक म्हणून लोखंडी सायकल उभी केलेली आहे. दगडांच्या राशीची छायाचित्रे असंख्य निघतात. ही सायकल मात्र बहुतेक पुस्तकांतून वगळली जाते, कारण ती उताराच्या बाजूला आहे.

इथे शरीरात काय घडते? चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जातो आणि देह वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून देहाला अडवत असतो. प्रत्येक पावलागणिक एक लहानसे पडणे थोपवणे हे त्याचे काम. धाप लागत नाही, म्हणून श्रम होत आहेत असे वाटतच नाही. आणि या प्रकारच्या श्रमाचे दुखणे तत्काळ येत नाही. ते एक-दोन दिवसांनी भरात येते. वाङ्मयीन दृष्ट्या ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. मोलिनासेकाच्या उतारावर झालेली इजा लेखकाला जाणवते ती पुढे बिएर्सोच्या द्राक्षमळ्यांतून चालताना. कारण मागे राहिले, परिणाम तेवढा हाती आला. मग त्या परिणामाला तो प्रायश्चित्त म्हणतो, कर्म म्हणतो, देहाभिमान गळून पडणे म्हणतो. स्नायूचा हिशेब अध्यात्माच्या खाती चढवला जातो.

आणि उतरणे ही शिकण्याजोगी विद्या आहे. पाऊल आखूड टाकायचे, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा, ताठ पायावर देह आदळू द्यायचा नाही. घाबरलेला माणूस मागे रेलतो आणि म्हणूनच घसरतो. अंग मागे न टाकता वजन पायांवर ठेवायचे, आणि पूर्ण तळवा टेकवून मगच भार द्यायचा. वाट रुंद असेल तर सरळ न उतरता नागमोडी उतरायचे. बुटाची नाडी उतारापूर्वी घोट्यापाशी पुन्हा आवळायची, म्हणजे पाय पुढे सरकून बोटे टोकावर आपटत नाहीत. नखे आदल्या रात्रीच कापलेली असावीत. पाठीवरच्या पिशवीचा कमरपट्टा घट्ट, म्हणजे ऐन वळणावर ती आपल्याला ओढत नाही. काठी चढाला असते त्याहून थोडी लांब, आणि ती पायाच्या आधी खाली टेकते. काठ्यांनी गुडघ्यावरचा भार कमी होतो हे प्रयोगशाळेत मोजून पाहिलेले आहे. पडण्याची धास्ती असेल तिथे मनगट काठीच्या पट्ट्यातून बाहेर काढावे. दृश्य पाहायचे तर थांबून पाहावे. चालावे आणि पाहावे ही दोन कामे उतारावर एकत्र करू नयेत (पेत्रार्कने वाचावे). पुढच्या माणसात आणि आपल्यात अंतर राखावे, दगड सुटला तर ओरडावे. हे सगळे सांगायला आम्हांला एक परिच्छेद लागला. तीनशे पानांच्या पुस्तकात त्याला जागा नसते, असे आम्ही मानत नाही.

यावर जे उत्तर येते ते आम्हांला पाठ आहे. साहित्य म्हणजे मार्गदर्शिका नव्हे. अनुभूती आणि सूचना यांत फरक असतो. तुम्ही ललित लेखकाकडून बुटांच्या नाड्या मागता. मान्य करण्यासारखे यात काही नाही. ज्याने चढावरची धाप तीन पाने लिहिली त्याने देह हा आपला विषय म्हणून केव्हाच स्वीकारलेला आहे. मग तोच देह माथ्यावरून खाली येताना अचानक अवाङ्मयीन कसा होतो? चढावरचा घाम हा प्रतिमा आणि उतारावरचा गुडघा हा तपशील, ही विभागणी साहित्यशास्त्राने कुठल्या आधारावर केली? आमच्या मते ती आळसाने केली, आणि समीक्षेने तिला शास्त्राचा मुलामा दिला.

शिवाय या आळसाची किंमत पुस्तकाबाहेर कोणीतरी मोजत असतो. ही पुस्तके निवृत्तीच्या उंबरठ्यावरची माणसे वाचतात आणि निघतात. त्यांना पुस्तकाने सांगितलेले असते की सगळे सोपवून द्या, शरीर विसरा, वाटच तुम्हांला नेते. श्रद्धेशी आमचे भांडण नाही. ज्याला कोणी सांभाळते असे वाटते त्याने तसे जरूर म्हणावे. भांडण आहे ते श्रद्धेचे नाव घेऊन केलेल्या हातचलाखीशी. उतारावर लेखकाचा पाय सटकला आणि तो सावरला, तर त्याने कोणता पाय कुठे टेकवला, कशाला धरले, हे लिहावे. मग त्यात ईश्वरी हात दिसला तर तोही लिहावा. पहिले गाळून नुसते दुसरे लिहिणे हे वाचकाला निम्मीच गोष्ट सांगणे आहे. आणि एक गोष्ट या वाङ्मयाच्या वाचकाने सतत ध्यानात ठेवावी: सांभाळले गेले त्यांची पुस्तके आपल्यापर्यंत येतात. जो पडला आणि स्ट्रेचरवरून खाली आला, त्याने बहुधा पुस्तक लिहिलेले नसते.

याच मनोवृत्तीचे दुसरे अपत्य म्हणजे शुद्धतेचा सोस. एल असेबोपासून खाली डांबरी रस्ताही जातो. पावसात पाटीचा दगड सोडून रस्त्याने उतरणारा यात्रेकरू भित्रा, बाणांची वाट सोडणारा बनावट, अशी एक कुजबुज सान्तियागोच्या वाटेवर कायम ऐकू येते आणि लेखनातही झिरपते. या लोकांना इतिहास ठाऊक नाही. पिरेनीजमध्ये लेपोएदेरच्या माथ्यावरून रोन्सेसव्हायेसला उतरायच्या दोन वाटा आहेत. एक बीच वृक्षांच्या रानातून सरळ खाली, पाचोळ्याखाली चिखल झाकलेली. दुसरी इबान्येताच्या खिंडीवरून वळसा घेऊन येणारी, सौम्य. नवख्यांना ही दुसरीच सुचवतात. हिवाळ्यात, १ नोव्हेंबर ते ३१ मार्च, नाव्हार्रा प्रांताचे शासन डोंगरमाथ्यावरची वाटच बंद ठेवते आणि यात्रेकरू दरीतून व्हालकार्लोसमार्गे इबान्येतालाच येतात. मध्ययुगीन यात्रेकरूंना इबान्येता परकी नव्हती. त्यांना जिवंत पोहोचायचे होते. त्यांच्यापाशी शुद्धतेचे प्रमाणपत्र मागायला कोणी बसलेले नव्हते.

आपल्याकडे हे शहाणपण पुस्तकांबाहेर शाबूत आहे. कर्जतकडून, खांडसहून भीमाशंकरला जाणाऱ्या दोन वाटा आहेत, शिडी घाट आणि गणेश घाट. शिडी घाट उभा, अवघड टप्प्यांवर शिड्या लावलेल्या. गणेश घाट लांबचा पण निवांत. डोंगरात फिरणारे सांगतात: गेलात तर शिडीने जा, उतरा मात्र गणेश घाटाने. चढताना हात आणि डोळे दगडाजवळ असतात, उतरताना पायच आधी पुढे जातो आणि डोळे मागून येतात, हे त्या सल्ल्यामागचे गणित. यात भक्ती कमी झाल्याचे भीमाशंकराने कधी कळवलेले नाही. कैलासाच्या परिक्रमेतही सुमारे ५,६०० मीटरवरच्या डोल्मा खिंडीपर्यंत घोड्यावर बसून आलेल्यांना गौरीकुंडाकडच्या उतारावर पायउतार व्हावे लागते. घोडेवाला तिथे तत्त्वज्ञान सांगत नाही, फक्त उतरा म्हणतो.

उतार भाषेत आणता येतो याचा पुरावा हवा असेल तर जपानकडे पाहावे. शिकोकू बेटावर कोबो दाइशी या ९व्या शतकातल्या आचार्यांच्या नावाने ८८ देवळांची सुमारे १,२०० किलोमीटरांची परिक्रमा आहे. तिच्यातल्या तीव्र डोंगरवाटांना नाव आहे 'हेन्रो कोरोगाशी'. हेन्रो म्हणजे यात्रेकरू, आणि कोरोगाशी म्हणजे गडगडवणारी: यात्रेकरूला लोळवणारी जागा. ११व्या आणि १२व्या देवळांच्या मधल्या डोंगरात अशा सहा जागा क्रमांक घालून दाखवलेल्या आहेत. माणूस इथे पडतो, हे त्या परंपरेने लपवले नाही. नावातच घालून ठेवले. यात्रेकरूचा पांढरा वेश हे प्रेतवस्त्र मानले जाई, आणि वाटेत मेलेल्याच्या थडग्यावर त्याचीच काठी रोवली जाई. ती काठी म्हणजे खुद्द दाइशी, असा भाव आहे. म्हणून मुक्कामाला पोहोचल्यावर आधी काठीचे टोक धुवायचे, मग स्वतःचे पाय.

ही काठी आम्ही मुद्दाम पुढे करीत आहोत. 'कोडेक्स कालिक्स्तिनुस'मधल्या एका प्रवचनातही यात्रेकरूच्या काठीचा अर्थ लावलेला आहे: काठी म्हणजे तिसरा पाय, तीन पाय म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे त्रैक्य, ती कुत्र्यालांडग्यांपासून राखते, म्हणजे सैतानापासून राखते. अर्थ सुरेख आहे, पण तो लागताक्षणी काठी हातातून निसटते आणि व्यासपीठावर जाते. शिकोकूतही काठीचा अर्थ लागलेलाच आहे, आणि कमी मोठा लागलेला नाही. पण तिथला अर्थ दिवसभर चिखलात रुतलेले टोक विसरत नाही, ते धुवायला लावतो. रूपकाने वस्तूची जागा बळकावणे आणि रूपकाने वस्तूची निगा राखणे, यांतला हा फरक प्रवासवर्णनाच्या अभ्यासक्रमात शिकवायला हवा. तो शिकवला जात नाही, कारण आपल्या वर्गांत काठी दिसली की विद्यार्थी लगेच 'आधाराचे प्रतीक' असे लिहून मोकळा होतो आणि त्याला गुण मिळतात.

मराठीला शब्दांची वाण आहे, असेही नाही. सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या बोलण्यात घसारा आहे, मुरमाड उतार आहे, निसरडी माती आहे, शेवाळलेला कातळ आहे, दगडगोट्यांनी भरलेली नाळ आहे. यातला प्रत्येक शब्द पायाला वेगळी सूचना देतो: मुरमावर टाच रोवायची, कातळावर तळवा टेकायचा, नाळेत डुगडुगणारा दगड आधी चाचपायचा. 'घसारा' हा शब्द आमच्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना भेटलाच तर वाणिज्य शाखेतल्या मित्राच्या वहीत भेटतो. तिथे तो यंत्रांच्या घटत्या किमतीचा आहे. असो. डोंगरभटक्यांच्या लेखनात हे शब्द जिवंत राहिले आहेत. यात्रावर्णनात मात्र त्यांच्या जागी 'खडतर' हे एकच विशेषण बसवलेले असते आणि ते मुरमालाही चालते, कातळालाही चालते, पोटदुखीलाही चालते.

आणि वारी? ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी वर्तमानपत्रांचे पहिले पान ठरलेले असते: वळणावळणाचा रस्ता, रथाला जोडलेल्या जादा बैलजोड्या, वरून घेतलेले ड्रोनचे चित्र. वारीवरच्या प्रत्येक ललितलेखाला हा घाट चढावाच लागतो. पण आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की पालखी परत फिरते, आणि जाताना अठरा-वीस दिवस घेतलेली वाट सुमारे दहा दिवसांत तोडत आळंदीला येते. सासवडहून निघाल्यावर तोच दिवे घाट आता उतरायचा असतो. रस्ता पावसाने ओला, माणसे थोडी, मजला लांबच्या, पाय महिनाभर चाललेले. बैलांना या वेळी ओढायचे नसते, रथ आवरून धरायचा असतो. परतवारी करणारे हे वारकरी काय बोलत उतरतात, पाय कुठे टेकवतात, वयस्क माणसाचा हात कोण धरतो, हे ज्यात दोन पानांहून अधिक लिहिलेले आहे असे एखादे मराठी पुस्तक वाचकांपैकी कोणाला ठाऊक असेल, तर त्याचे नाव आम्हांला अवश्य कळवावे.